प्रस्तावना : उतारवयातला मेंदू, त्याचं रक्त आणि जडीबुटी

‘मेंदूचा रक्तपुरवठा सुधारतो’ असं छापलेली डबी आज नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या मेडिकलवर मिळते आणि लातूरच्या गंज गोलाईतल्या काष्ठौषधींच्या दुकानातही मिळते. माळेगावच्या यात्रेत जडीबुटीच्या पथारीवर तेच वाक्य तोंडी ऐकू येतं, आणि नातवाच्या मोबाइलवर ते न मागता येऊन पडतं. माल निरनिराळा असतो. कुठे गिंको, कुठे ब्राह्मी, कुठे अश्वगंधा, शंखपुष्पी, मालकांगोणीचं तेल, हळदीचा अर्क. घेणारं माणूस मात्र बहुधा साठी उलटलेलं असतं. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, पाटावरून उठताना भोवळ येते, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं. किंवा भावकीतल्या कुणाच्या अंगावरून वारं गेल्याचं पाहून मनात धास्ती बसलेली असते. ‘बापू लै इसरायलेत, डोस्क्याला रगत कमी पडायलंय जणू,’ असं निदान घरात होतं आणि त्या निदानाबरहुकूम डबी घरात येते.

हे पुस्तक त्या घरांसाठी आहे. यात कोणत्याही वनस्पतीची जाहिरात नाही आणि टवाळीही नाही. मराठवाड्यात टवाळी करून भागणारही नाही. इथे फडताळात वेखंड, ज्येष्ठमध आणि सुंठ असते, शेजारी बीपीच्या गोळ्यांचं पाकीट असतं, आणि दोन्ही एकाच पेल्यातल्या पाण्याबरोबर घेतलं जातं. पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे की रक्तपुरवठ्याचा दावा मोजता येतो, तेव्हा तो मोजूनच मान्य करावा, आणि मोजताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवावेत. औषधाने मेंदूकडे जाणारं रक्त खरंच वाढतं का? रक्त वाढलं तर स्मरण, लक्ष, विचार सुधारतात का? आणि शेवटी, माणसाचा लकवा टळतो का, स्मृतिभ्रंश लांबतो का, तो आपले व्यवहार आपण करत राहतो का? डबीवरचं वाक्य पहिल्या प्रश्नाचं अर्धंमुर्धं उत्तर देतं, आणि गिऱ्हाईक तिसऱ्याचं उत्तर मिळालं अशा समजुतीने पैसे मोजतं.

आधी रक्ताचा हिशोब पाहू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असतं. पण माणूस स्वस्थ बसलेला असतानाही हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटा घेतो. मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास रक्त त्यातून फिरतं. शिल्लक टाकण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. पुरवठा पूर्ण थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात. हे रक्त मानेतल्या चार धमन्यांतून वर चढतं, दोन पुढच्या अंगाने आणि दोन मणक्यांच्या आधाराने. कवटीच्या तळाशी या धमन्या एकमेकींना जोडल्या जाऊन एक कडं तयार होतं. इंग्रज वैद्य थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून ते विलिसचं वर्तुळ. लातूरकराला ते समजावून सांगायला गंज गोलाईच पुरे. तिथे १६ रस्ते येऊन मिळतात; त्यातला एखादा बंद पडला तरी गाडी गोलाईला वळसा घालून दुसऱ्या अंगाने पेठेत पोचते. मेंदूतही अशीच सोय आहे, पण ती वर्तुळापुरती. पुष्कळ माणसांत हे वर्तुळ जन्मतःच अपुरं असतं, आणि त्याच्या पुढे मेंदूच्या गाभ्यात शिरणाऱ्या केसासारख्या धमन्यांना पर्यायी वाट जवळपास नसतेच. वर्षानुवर्षं चढा राहिलेला रक्तदाब आणि मधुमेह नेमक्या त्याच धमन्या आतून जाड आणि ताठर करून टाकतात.

दुसरी गोष्ट स्वनियमनाची. आपण झोपलो, उठलो, चिडलो की शरीराचा रक्तदाब वरखाली होतो, तरी मेंदूच्या धमन्या स्वतःचा व्यास बदलून आतला प्रवाह जवळपास कायम ठेवतात. शिवाय मेंदूच्या ज्या भागाला काम पडतं त्याच्याकडे तेवढ्यापुरतं जास्त रक्त वळवलं जातं. म्हणजे निरोगी मेंदूत बाहेरून रक्त ‘वाढवणं’ सोपं नाही आणि बहुधा गरजेचंही नाही. वय वाढतं तसा हा प्रवाह हळूहळू कमी होतो हे खरं आहे, पण त्यातही एक पेच आहे. काही पेशी आक्रसल्या, त्यांची मागणी घटली, म्हणूनही रक्त कमी जातं. तेव्हा तपासणीत प्रवाह कमी दिसला म्हणजे विसरण्याचं कारण सापडलंच असं नव्हे. कित्येकदा तो विसरण्यामागच्या आजाराचाच परिणाम असतो.

जिवंत माणसाच्या मेंदूतलं रक्त मोजण्याची पहिली भरवशाची रीत १९४० च्या दशकात अमेरिकेत सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी बसवली. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, थोडा हुंगायला द्यायचा आणि मेंदूत शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या रक्तात तो किती आहे यावरून हिशोब मांडायचा. १९८२ साली रूने आस्लिड यांनी कवटीबाहेरून ध्वनिलहरी सोडून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणारी डॉप्लर तपासणी आणली. पुढे एमआरआयमध्ये रक्तालाच चुंबकीय खूण करून त्याचा माग काढता येऊ लागला. वाचकाने यातलं एक ध्यानात ठेवावं. डॉप्लर वेग दाखवतो, आणि धमनी अरुंद झाली तरीही वेग वाढतो. त्यामुळे जाहिरातीतला ‘डॉप्लरने सिद्ध’ हा शिक्का पाहून हुरळून जायचं कारण नाही.

ही मोजपट्टी आता गिंकोला लावून पाहू, कारण या एका झाडाइतका अभ्यास दुसऱ्या कुठल्याच ‘मेंदूच्या’ वनस्पतीचा झालेला नाही. झाड मूळचं चीनचं. त्याच्या पानांचा प्रमाणित अर्क जर्मनीतल्या श्वाबे कंपनीने १९६० च्या दशकात बाजारात आणला आणि ईजीबी ७६१ या नावाने तो जगभर गेला. पहिल्या प्रश्नावर गिंको थोडंफार उत्तीर्ण होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा अभ्यासात साठीच्या आसपासच्या ९ पुरुषांना ४ आठवडे हा अर्क दिला, तेव्हा एमआरआयमध्ये मेंदूतलं रक्त किंचित वाढलेलं दिसलं. अभ्यास इथेच थांबला असता तर डबीवरचं वाक्य खरं ठरलं असतं. पण अमेरिकेत ७५ वर्षांवरच्या ३,०६९ लोकांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना दिवसातून दोनदा १२० मिलिग्रॅम गिंको, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सरासरी सहा वर्षं त्यांचा पाठपुरावा झाला. २००८ साली निकाल आला. गिंको घेणाऱ्यांत २७७ जणांना स्मृतिभ्रंश झाला, न घेणाऱ्यांत २४६ जणांना. स्मरणशक्ती ढासळण्याचा वेगही दोन्ही गटांत सारखाच निघाला. फ्रान्समध्ये सत्तरीवरच्या २,८५४ जणांवर झालेल्या पाच वर्षांच्या चाचणीनेही २०१२ साली तोच कौल दिला. अमेरिकेतल्या चाचणीत आणखी एक आकडा होता. मेंदूत रक्तस्राव होऊन झालेला पक्षाघात गिंको गटात १६ जणांना आणि दुसऱ्या गटात ८ जणांना झाला. संख्या लहान असल्यामुळे तेवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. पण रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्याने हा आकडा विसरू नये.

रक्त वाढूनही फायदा का झाला नसावा? एक कारण धमन्यांच्या स्वभावात आहे. धमनी रुंद करणारं औषध निरोगी धमनीला रुंद करू शकतं. चुन्याने आणि चरबीने ताठरलेली धमनी त्याला दाद देत नाही. मग रुंद झालेल्या निरोगी धमन्यांकडे रक्त वळतं आणि ज्या भागाला गरज होती त्याच्या वाट्याचं उलट कमीच होतं. दुसरं कारण असं की स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांत मूळ बिघाड पेशींतल्या प्रथिनांचा असतो. तिथे रक्ताचा प्रवाह थोडासा वाढवून ते प्रथिन हटत नाही.

आता घरच्या वनस्पतींकडे येऊ. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या प्रकरणात बुद्धी आणि स्मृतीसाठी चार मेध्य रसायनं सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. ज्या ब्राह्मीच्या नावावर आज सर्वाधिक डब्या खपतात, ती या चौघींत नाही. शिवाय रसायन घेण्याआधी शरीरशुद्धी, घेणाऱ्याची प्रकृती आणि पचनशक्ती पाहणं, आहार आणि आचार सांभाळणं अशी मोठी चौकट त्या ग्रंथात आहे. ‘रक्तपुरवठा’ हा दावा तिथे कुठेच नाही. तो विसाव्या शतकातल्या बाजाराने जुन्या नावांवर चिकटवला. तेव्हा डबीवरचा दावा खोडून काढला म्हणजे चरक खोडला, असं मानायचं कारण नाही. आणि चरकाचं नाव घेतलं म्हणजे डबी सिद्ध झाली, असंही नाही.

ब्राह्मी विकत घेताना पहिली अडचण ओळख पटवण्याची. आयुर्वेदाच्या अधिकृत औषधकोशात ब्राह्मी म्हणजे पाणथळ जागी वाढणारी, जाडसर बारीक पानांची बाकोपा. आणि गोल, बेडकाच्या पावलासारख्या पानांची वेल ती मंडूकपर्णी. महाराष्ट्रात पुष्कळ घरांत दुसरीलाच ब्राह्मी म्हणतात. शंखपुष्पीच्या नावाखाली तर निदान तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात, त्यातली एक आपली कुंपणावरची गोकर्ण. पुडीत नेमकं काय आहे हेच ठरलेलं नसेल तर पुढची चर्चा कशावर करणार?

बाकोपावर अभ्यास झाले आहेत आणि ते अगदीच निराशाजनक नाहीत. २००८ साली अमेरिकेत पासष्टीवरच्या ५४ जणांवर आणि २०१० साली ऑस्ट्रेलियात पंचावन्नपुढच्या ९८ जणांवर १२ आठवड्यांच्या चाचण्या झाल्या. वाचून दाखवलेली शब्दांची यादी थोड्या वेळाने आठवून सांगण्यात बाकोपा घेणाऱ्यांची कामगिरी काहीशी सुधारली. पोट बिघडणं, ढाळ होणं हे त्रास मात्र त्यांच्यात जास्त दिसले. म्हणजे आपल्या दुसऱ्या प्रश्नावर ब्राह्मीला थोडे गुण पडतात. पहिल्या प्रश्नावर सांगण्यासारखं आहे ते मुख्यतः उंदरांवरचं काम; थायलंडमधल्या संशोधकांनी २०१३ साली उंदरांच्या मेंदूतलं रक्त बाकोपाने वाढल्याचं दाखवलं. तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे लकवा आणि स्मृतिभ्रंश टळण्याचं, उत्तर बारा आठवड्यांच्या चाचणीतून मिळूच शकत नाही. तेवढ्या काळात तो आजार कुणाला होणार आणि कुणाचा टळणार?

हळदीचा विषय इथे टाळता येणार नाही. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं; अर्धापूरपासून हिंगोलीपर्यंतचा पट्टा या पिकावर उभा आहे. तेव्हा ‘आपली हळद मेंदूला तारते’ हे ऐकायला इथल्या माणसाला गोड लागणारच. हळदीतला कर्क्युमिन हा घटक साधारण ३ टक्के असतो आणि पोटातून तो फारच थोडा रक्तात उतरतो. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिऱ्यातल्या पायपरिनबरोबर दिला तर त्याचं शोषण कित्येक पटींनी वाढतं. म्हणून आज कर्क्युमिनच्या गोळ्यांत मिऱ्याचा अर्क घालतात. पण पायपरिन जसं हळदीला आत घेतं तसं इतरही काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं, आणि म्हातारपणी आधीच चारपाच गोळ्या चालू असतात. लॉस एंजेलिसमध्ये ४० जणांवर १८ महिने झालेल्या एका चाचणीत खास बनवलेल्या, शोषल्या जाणाऱ्या कर्क्युमिनने स्मरण सुधारलेलं दिसलं. ही आशा धरण्याजोगी गोष्ट आहे. पण चाळीस माणसं थोडी, आणि ते औषध म्हणजे भाजीतली चमचाभर हळद नव्हे. शिवाय रंग खुलवण्यासाठी हळदीला शिशाचं क्रोमेट चोळण्याची भेसळ बांगलादेशात उघडकीला आली आहे, आणि शिसं तर मेंदूचंच विष. ओळखीच्या शेतकऱ्याकडून हळकुंडं आणून घरी दळण्याची आपली जुनी पद्धत या बाबतीत शहाणपणाची आहे.

नांदेडला या विषयाची एक वेगळी बाजूही आहे. इथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि सरकारी रसशाळेच्या नावात आयुर्वेदाबरोबर युनानीही आहे. निजामाच्या राजवटीत दोनशेहून अधिक वर्षं काढलेल्या या प्रदेशात वैद्याचा काढा आणि हकिमाचा खमीरा शेजारी शेजारी नांदले. माहूर-किनवटच्या जंगलातून येणाऱ्या मुळ्या-साली, अत्ताराचं दुकान, गावोगाव फिरणारा वैदू हे सारं त्याच व्यवहाराचे भाग. पण या परंपरेत औषध देणारा माणूस समोर असायचा. तो नाडी पाहायचा, जीभ पाहायचा, झोपेची आणि पोटाची चौकशी करायचा, आठ दिवसांनी पुन्हा बोलवायचा. आजची कॅप्सूल यातलं काहीच विचारत नाही. परंपरेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या मालातून परंपरेतला वैद्यच वगळला गेला आहे, आणि तक्रार करायचीच तर ती याबद्दल करावी.

मग तिन्ही प्रश्नांना होकारार्थी उत्तर देणारं काही आहे का? आहे, आणि ते फार साधं आहे. रक्तदाब आटोक्यात ठेवणं. १९९१ साली अमेरिकेत साठीवरच्या ४,७३६ जणांवरच्या चाचणीत क्लोर्थालिडोन या स्वस्त गोळीपासून सुरू केलेल्या उपचाराने पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी उतरलं. २००८ साली ऐंशीपुढच्या ३,८४५ जणांवरही अशाच उपचाराचा फायदा दिसला. ‘बीपी उतरवलं तर डोक्यापर्यंत रक्त चढणार कसं?’ ही शंका गावात नेहमी ऐकू येते आणि ती वेडगळ नाही; डॉक्टरांनाही ती होती. तिचं उत्तर स्प्रिंट नावाच्या चाचणीने दिलं. पन्नाशीपुढच्या ९,३६१ जणांत वरचा दाब १२० च्या खाली आणि १४० च्या खाली ठेवण्याची तुलना झाली. २०१९ साली कळलं की कडक नियंत्रण ठेवलेल्या गटात स्मृती-विचारांची सौम्य घसरण सुमारे १९ टक्क्यांनी कमी झाली. २०२२ साली त्यांच्यापैकी काहींचे एमआरआय प्रसिद्ध झाले. ज्यांचा दाब जास्त उतरवला होता त्यांच्या मेंदूतलं रक्त घटलं नव्हतं, वाढलं होतं. गिंको जिथे पहिल्या प्रश्नाच्या पुढे गेलं नाही तिथे बीपीची गोळी तिन्ही प्रश्न पार करून गेली. अर्थात त्या चाचणीत मधुमेही आणि आधी लकवा झालेले लोक नव्हते, म्हणून १२० हा आकडा कुणी परस्पर ठरवून घेऊ नये. दाब हळूहळू आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच उतरवायचा असतो.

हे अमेरिकेचं झालं, असं म्हणून सोडून देता येणार नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची दोन वर्षं नोंद ठेवली. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की पक्षाघात हे तिथल्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण होतं, सात मृत्यूंपैकी एक. ‘लकवा शहरातल्या बैठ्या माणसाला होतो’ हा समज त्या आकड्याने निकालात काढला. देशभरात साठीवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे ८८ लाखांच्या घरात माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आणि तेही शहरापेक्षा खेड्यात जास्त.

विसरण्याची अशीही कारणं आहेत ज्यांना रक्तपुरवठ्याचं नाव देऊन आपण हातचे उपाय घालवतो. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यातलं मोठं कारण. शाकाहारी घरांत ती सर्रास असते आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत वाढते. थायरॉइड मंदावलेला असतो. ऐकू येत नाही म्हणून बोलणं मेंदूपर्यंत पोचतच नाही, आणि घरचे म्हणतात विसरायलेत. जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य विसराळूपणाचं सोंग घेऊन येतं. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्याही स्मरण झाकोळतात. आणि मराठवाड्याचा उन्हाळा! पारा ४२-४३ वर, म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, वर लघवीची गोळी चालू. मग अंगातलं पाणी घटून उठताना दाब एकदम पडतो आणि भोवळ येते. अशा माणसाला रक्तवाहिन्या रुंद करणारं आणखी काही देणं म्हणजे त्याला पाडण्याची तजवीज. त्याला हवं असतं पाणी, आणि बसून-उभ्याने मोजलेला रक्तदाब.

‘जडीबुटीच आहे, अपाय तर नाही’ या वाक्याची तपासणी पुस्तकाच्या मधल्या भागात आहे. चरकाच्या चौघींपैकीच दोघी घ्या. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतलं तर त्यातलं ग्लिसरायझिन शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब चढवतं. म्हणजे मेंदूसाठी घेतलेलं चूर्ण मेंदूच्या सर्वांत मोठ्या शत्रूला बळ देतं. खोकल्यापुरती चघळलेली काडी वेगळी, महिनोन्‌महिने घेतलेलं चमचा-चमचा चूर्ण वेगळं. गुळवेलीबद्दल बोलायचं तर करोनाच्या काळात २०२० साली ती नियमित घेणाऱ्या मुंबईतल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीची शक्यता पुढे केली. पण घेणाऱ्याच्या यकृताला या वादाचा काय उपयोग? पुडीत नेमकी कोणती वेल होती, हा पुन्हा ओळखीचाच प्रश्न. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफरिन चालू असताना गिंको, लसणाचा किंवा हळदीचा तीव्र अर्क घेतला तर रक्तस्रावाची भीती वाढते. मोतीबिंदूपासून बायपासपर्यंत कोणत्याही शस्त्रक्रियेआधी हे सांगणं आवश्यक आहे. जड धातूंची गोष्ट याहून निराळी. २००४ साली बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं.

कायदा काय म्हणतो तेही ग्राहकाने जाणावं. औषधं आणि जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ पासून कायदा आहे, आणि त्याच्या ५४ आजारांच्या यादीत मेंदूचे विकार, रक्तदाब, मधुमेह आणि पक्षाघात ही चारही नावं आहेत. आयुर्वेदिक औषधांच्या जाहिरातीला पूर्वपरवानगी सक्तीची करणारा नियम १७० हा डिसेंबर २०१८ मध्ये आला. १ जुलै २०२४ रोजी आयुष मंत्रालयाने तो वगळला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वगळण्याला स्थगिती दिली. वर अशी ओढाताण झाली; ग्राहकाने मात्र डबीच वाचायला शिकावं. डबीवर १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ते कायद्याच्या दृष्टीने अन्न आहे, औषध नव्हे, आणि तसं त्यावर छापणंही बंधनकारक आहे. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक असतो. दोन्ही नसतील तर ती वस्तू तिथेच ठेवावी.

लकव्याचं प्रकरण वाचकाने सर्वांत आधी वाचावं, अशी विनंती आहे. तोंड वाकडं होणं, एक हात गळून पडणं, बोबडी वळणं यांतलं काहीही अचानक झालं की घड्याळ सुरू होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. किनवट-माहूरकडच्या माणसाला नांदेडला पोचायलाच त्यातला बराच वेळ लागतो. त्या वेळात लकव्याच्या औषधासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाला जाणं, कबुतराच्या रक्ताने मालीश करणं किंवा तोंडात काढा ओतणं यांत तो हात कायमचा जाऊ शकतो. आणि गिळण्याची ताकद गेलेली असेल तर काढा फुप्फुसात उतरून जीवही जाऊ शकतो. १०८ ला फोन लावायचा, लक्षणं सुरू झाली ती वेळ लिहून ठेवायची, सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय गाठायचं. पुढच्या महिन्यांत मसाज, व्यायाम, वैद्यांचा सल्ला यांना जागा आहे. त्या पहिल्या तासांत नाही.

पुस्तकात आधी मेंदूच्या रक्ताचं कार्य, मग एकेका वनस्पतीचं स्वतंत्र प्रकरण, पुढे औषधांच्या आपसांतल्या कुरबुरी आणि शेवटी घरात ठेवायचा एक तक्ता, अशी मांडणी आहे. प्रत्येक वनस्पतीच्या प्रकरणात वर मांडलेले तिन्ही प्रश्न त्याच क्रमाने विचारलेले आहेत. कुठे उत्तर ‘हो’ आहे, कुठे ‘थोडंफार’, आणि बऱ्याच ठिकाणी ‘अजून नाही’. ‘अजून नाही’ म्हणजे ‘कधीच नाही’ नव्हे. नांदेड-लातूरमध्ये वैद्यकीय आणि आयुर्वेद महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत, हळदीचं शेत दाराशी आहे आणि वृद्ध माणसं घरोघर आहेत. या तिघांना एकत्र आणून नीट चाचण्या झाल्या तर कित्येक उत्तरं इथूनच मिळतील.

तोवर वाचकाने करण्यासारखं एक काम आहे. घरातल्या वडीलधाऱ्याला पुढच्या वेळी दवाखान्यात नेताना ते घेत असलेली प्रत्येक गोष्ट एका पिशवीत घालून सोबत न्यावी: बीपीच्या गोळ्या, ब्राह्मीची डबी, अत्ताराकडची पुडी, पाहुण्याने पुण्याहून पाठवलेल्या कॅप्सूल, सगळं. म्हातारी माणसं डॉक्टर रागावतील म्हणून काढा लपवतात आणि वैद्य नाराज होतील म्हणून गोळी लपवतात. पिशवी टेबलावर ओतल्यावर डॉक्टरांनी रागवायचं नाही आणि वैद्यांनी हसायचं नाही, एवढी अपेक्षा त्या दोघांकडूनही आहे. हे पुस्तक त्यांच्यासाठीही लिहिलेलं आहे. आणि निघण्याआधी बापूंचा रक्तदाब मोजून घ्यायचा, एकदा बसवून, एकदा उभं करून.